डहाणू-तलासरीचे व्रतस्थ

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग गुजरातची सरहद्द ओलांडण्यापूर्वी तालुक्याच्या ज्या अखेरच्या गावावरून जातो, ते तलासरी काही मोठे नगर नव्हे. कचेरी, बाजार, एस. टी.चा थांबा आणि सभोवार विखुरलेले पाडे एवढाच त्याचा पसारा. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव तालुका गुजरातेत गेला आणि हा टापू महाराष्ट्राच्या पदरात राहिला. तालुक्यातील दहांपैकी सुमारे नऊ माणसे आदिवासी, त्यांतही वारली बहुसंख्य. एवढ्या लहान गावात वारल्यांच्या मुलांना शिकवून शहाणे करण्यासाठी तीन परस्परविरोधी श्रद्धांनी आपापली ठाणी वसवावीत, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. येशूसंघीय फादरांचे ज्ञानमाता सदन येथे आहे, कम्युनिस्टांच्या आदिवासी प्रगती मंडळाच्या शाळा आणि कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाचे महाविद्यालय येथे आहे, आणि विश्व हिंदू परिषदेच्या वतीने माधवराव काणे यांनी साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात उभारलेले केंद्रही येथेच आहे. एकाच पाड्यावरील तीन घरांतील तीन मुले तीन आवारांत जाऊन तीन निरनिराळ्या प्रार्थना, किंवा प्रार्थनेऐवजी घोषणा, शिकून परत येतात असा प्रकार या मुलखात दोन पिढ्यांपासून चालत आला आहे.

ख्रिस्ती धर्माचा आधुनिक राजकारणाशी आलेला संबंध पाहू जाता आपल्याकडील लेखक बहुधा बाप्तिस्म्याच्या वह्या उघडतात. किती बाटले, किती उरले, किती परत आले, एवढाच हिशेब त्यांना इतिहास वाटतो. डहाणू-तलासरीत हा हिशेब करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. येथे या धर्माने सार्वजनिक जीवनावर जो खोल ठसा उमटविला, तो ज्यांनी त्याच्या शिस्तीत घडून मग त्याची चौकट ओलांडली त्यांच्या हातून उमटला, आणि तो चर्चच्या दप्तरात सापडण्याऐवजी वनखात्याच्या व न्यायालयाच्या दप्तरात सापडतो, असे आमचे मत झाले आहे.

राजसत्तेच्या खांद्यावर बसून आलेला ख्रिस्ती धर्म या किनाऱ्याला नवा नव्हता. डहाणू आणि तारापूर ही ठाणी सुमारे दोनशे वर्षे फिरंग्यांच्या अंमलात होती, आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली. परंतु फिरंग्यांचा क्रूस किल्ल्यांच्या आणि बंदरांच्या आसपासच राहिला. पूर्वेकडील डोंगरांत, जेथे कणसरी, हिरवा, नारायणदेव आणि वाघ्या यांचे राज्य होते, तेथवर पोहोचण्याची त्याला गरजही भासली नाही, कारण तेथे वसूल करण्याजोगे काही नव्हते.

दुसरा प्रवेश निराळ्या प्रकारचा. अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रदरन हा मूळ जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांचा पंथ. शस्त्र धरणे आणि न्यायासनापुढे शपथ घेणे ही दोन्ही कृत्ये निषिद्ध मानणारा. त्याचे पहिले प्रचारक १८९५ च्या सुमारास बलसाडला उतरले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी डहाणूला ठाणे केले. पुढे तेथे दवाखाना उभा राहिला आणि बार्बरा निकी नावाच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे त्या दवाखान्यात घालविली. आसपासच्या दहा-वीस कोसांत दुसरा डॉक्टर मिळणे दुरापास्त असलेल्या त्या काळी अडलेल्या बाळंतिणीला तेथवर डोलीत घालून आणीत. (या पंथाची येथील शाखा १९७० साली नागपुरास स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली, त्यामुळे आजच्या पिढीला त्याचे मूळ नावही फारसे ठाऊक नाही.) या लोकांची सेवा निरपेक्ष होती यात संशय नाही. परंतु दवाखान्यातून बरा होऊन गेलेला वारली ज्या जमीनदाराच्या वाड्यावर पुन्हा वेठीला जुंपला जाई, त्या जमीनदाराशी दावा मांडण्याचे काम मिशनने अंगावर घेतले नाही. जखम बांधावी, जखम करणाऱ्याचे नाव पुसू नये, ही त्या काळच्या भूतदयेची मर्यादा होती, आणि ती एकट्या ख्रिस्ती भूतदयेची होती असेही नव्हे.

ती वेठ कशी होती हे सरकारदरबारी नमूद आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन या आय. सी. एस. अधिकाऱ्याचा आदिवासी टापूंविषयीचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या दास्याचे जे वर्णन आहे ते एखाद्या चळवळ्याच्या लेखणीला शोभावे असे आहे. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्याशा रकमेपायी नवराबायको दोघेही जन्मभर त्याचे लग्नगडी होत. पावसाळ्यात पोट जाळण्यासाठी उचललेली खावटी दीडपटीने किंवा त्याहूनही अधिक फेडावी लागे, आणि मालकाच्या शेतावरची लावणी आटोपल्याखेरीज स्वतःच्या शेतात नांगर घालण्याची मुभा नसे. बाळासाहेब खेरांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ स्थापिले, आचार्य भिसे यांच्यासारखी निष्ठावंत माणसे त्या कार्याला वाहून घेऊन राहिली, १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सेवेचा ओघ वाढत होता. वेठ मात्र होती तेथेच होती.

ती मोडली कम्युनिस्टांनी, हे कबूल करण्यात कोणी अनमान करू नये. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला भरलेल्या किसान सभेच्या अधिवेशनाला थोडे वारली गेले. त्याच वर्षीच्या २३ मे रोजी तलासरीनजीकच्या झरी गावी हजारोंच्या मेळाव्याने यापुढे वेठ करणार नाही असा निर्धार केला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळाल्याखेरीज विळा उचलणार नाही, हा संप त्यापुढचा. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसे पडली, त्यांत पहिला जेठ्या गांगड. परुळेकरबाईंची सभा आहे अशी खोटी वार्ता पसरवून त्या रात्री लोकांना गोळा करण्यात आले होते, हे या ठिकाणी ध्यानात ठेवावे. पुढच्याच वर्षी खेरांच्याच मंत्रिमंडळाने परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. आदिवासींच्या सेवेसाठी मंडळ काढणारा सत्पुरुष आदिवासींना उठविणाऱ्यांना जिल्ह्यातून घालवून देतो, यात ढोंग नव्हते. सेवा आणि संघर्ष यांच्यामधील दरी तेवढी दिसते.

शामराव आणि गोदावरीबाई हे दोघेही मूळचे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य, ही गोष्ट इतिहासकारांनी नोंदविली आहे, पण तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. १९०५ साली पुण्यास स्थापन झालेला तो समाज म्हणजे राजकीय संन्याशांचा मठच होता. सदस्याने प्रतिज्ञा घ्यायची, तुटपुंज्या वेतनावर राहायचे, स्वतःसाठी संपत्ती जोडायची नाही आणि वरिष्ठांच्या आज्ञेत काम करायचे. परुळेकर त्या समाजातून बाहेर पडले, परंतु त्याची शिस्त बरोबर घेऊन पडले, आणि वारल्यांच्या पाड्यावर रात्रीमागून रात्री झोपण्याचे बळ त्यांना तिने दिले. तेहतीस वर्षांनी याच मुलखात ही घटना दुसऱ्या पोशाखात पुन्हा घडावयाची होती.

त्या उठावाच्या नेतृत्वात मिशनच्या माणसांचे नाव आढळत नाही. कॅथोलिक फादर तोवर या भागात शाळा चालवीत होते, पण ज्या काळात लाल बावटा पाड्यापाड्यावर पोहोचला त्या काळी त्यांचा धर्म शाळेच्या आवारात राहिला. हे पालटण्यास कारणीभूत झालेल्या घटना तलासरीपासून फार दूर घडल्या, आणि त्यांतील एक तर मुंबईच्या ओव्हल मैदानावर. १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेच्या निमित्ताने पोप पॉल सहावे मुंबईला आले. हिंदुस्थानच्या भूमीने पोपला प्रथमच पाहिले. त्याच वर्षी जन्माष्टमीच्या मुहूर्तावर पवईच्या सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषद स्थापन झाली होती. या दोन घटनांमध्ये काही महिन्यांचेच अंतर आहे हे तलासरीच्या पुढील इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने विसरू नये. मध्य प्रदेशात १९५६ साली नियोगी समितीचा अहवाल निघाल्यापासून मिशनऱ्यांविषयीचा संशय देशाच्या राजकारणात मुरत होताच. परिषदेच्या कार्यकर्त्यांनी आदिवासी टापूंत वसतिगृहे उघडण्यास आरंभ केला तो त्याचाच परिपाक, आणि तलासरीचे केंद्र हे त्यांतील आरंभीच्यांपैकी एक. पुढे डहाणू व पालघर मतदारसंघांतून तीन वेळा लोकसभेवर निवडून गेलेले भारतीय जनता पक्षाचे चिंतामण वनगा हे याच परिसराने घडविलेले नेते.

दुसरीकडे कॅथोलिक जगात खळबळ माजली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आपले कामकाज संपविले तेव्हा चर्चने जगाकडे पाठ न फिरविता त्याच्या दुःखात सहभागी व्हावे हा विचार अधिकृत झाला. कोलंबियातील मेडेलिन येथे १९६८ साली लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी दरिद्र्यांच्या बाजूने उभे राहण्याचा कौल दिला. पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी १९७१ मध्ये मुक्तीचे ईश्वरशास्त्र ग्रंथरूपाने मांडले. पेद्रो आरुपे यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १९७४ पासून मार्च १९७५ पर्यंत रोम येथे भरलेल्या येशूसंघाच्या बत्तिसाव्या महासभेने आपल्या चौथ्या ठरावाने तर असे ठरविले, की श्रद्धेची सेवा करावयाची तर न्यायासाठी झटणे हे तिचे अविभाज्य अंग मानले पाहिजे. चार शतके राजांचे कानमंत्री आणि धनिकांच्या मुलांचे शिक्षक म्हणून ख्याती पावलेल्या संघाने असे बोलणे ही लहान गोष्ट नव्हती. रोमच्या एका सभागृहात संमत झालेला ठराव तलासरीच्या वाटेला कधी लागतो याची कोणी कल्पनाही केली नसेल. तो तीन-चार वर्षांतच लागला.

सत्तरच्या दशकात तलासरीच्या मिशनमध्ये काम करणाऱ्या येशूसंघीयांत फादर पीटर डिमेलो हे एक होते. शाळेत येणारा मुलगा सुट्टी संपल्यावर परत का येत नाही याचा शोध घेऊ लागले, की मनुष्य आपोआप सावकाराच्या दारापर्यंत, तेथून तलाठ्याच्या दप्तरापर्यंत आणि तेथून वनखात्याच्या चौकीपर्यंत पोहोचतो. ब्रदरनांच्या दवाखान्यातून जो रस्ता कोणी चालले नव्हते, तो हा होता. १९७८ साली कष्टकरी संघटना स्थापन झाली. डिमेलो यथाकाल येशूसंघातून बाहेर पडले, प्रदीप प्रभू या नावाने ओळखले जाऊ लागले आणि वकिलीच्या ज्ञानाचा उपयोग त्यांनी वारल्यांच्या दाव्यांसाठी केला. पुढे शिराज बलसारा, ब्रायन लोबो आदी कार्यकर्त्यांनी आणि मुख्यतः पाड्यांतून निर्माण झालेल्या आदिवासी स्त्री-पुरुष कार्यकर्त्यांनी हे काम वाढविले. नाव पालटण्याविषयी विरोधकांनी पुष्कळ उपहास केला. आमच्या मते त्यात लपविण्यासारखे काही नव्हते. मठाचा त्याग करणाऱ्याने मठाचे नाव मागे ठेवले, इतकेच.

काळही अनुकूल होता. कूळकायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीनंतर ज्या जमिनी कुळांच्या नावे व्हावयास हव्या होत्या त्यांतील कित्येक कागदोपत्री फिरविल्या गेल्या होत्या. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी त्यांना परत देण्याचा कायदा १९७४ साली झाला होता, पण त्याची अंमलबजावणी मामलेदार कचेरीच्या उंबरठ्यावर अडकली होती. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि मागेल त्याला काम ही घोषणा प्रत्यक्षात उतरविण्यासाठी कोणीतरी पन्नास माणसांचे अर्ज लिहून, अंगठे उठवून, पोच घेऊन, कचेरीसमोर बसणे आवश्यक होते. मेणबत्तीच्या उजेडात रात्रभर चाललेल्या बैठका, अर्ज, मोर्चा, अटक, जामीन आणि पुन्हा अर्ज हा या कार्याचा नित्यक्रम. त्यात प्रवचन नव्हते. परंतु पापकबुलीच्या पेटीत दीर्घकाळ दुसऱ्याचे ऐकण्याची सवय झालेल्या मनुष्याला पाड्यावरच्या वृद्धाची रेंगाळणारी हकिकत शेवटपर्यंत ऐकणे जड जात नाही, एवढा मठाचा वारसा त्यात निश्चित होता.

लाल बावट्याच्या मुलखात दुसऱ्या झेंड्याखाली गरीब गोळा होऊ लागले, तेव्हा कलह अटळ होता. ज्यांनी रक्त सांडून वेठ मोडली होती, शामरावांना १९५७ साली लोकसभेत पाठविले होते आणि १९७७ साली लहानू कोम यांना, त्या मार्क्सवाद्यांना हे नवे पाहुणे उपरे वाटले. आणि त्यांच्या मागे चर्चचा पैसा आहे, हा आरोप ओठांवर येण्यास वेळ लागला नाही. ऐंशीच्या दशकात दोन्ही बाजूंच्या लोकांत हाणामाऱ्या झाल्या, फिर्यादी झाल्या. ज्या वारल्यांची एकजूट हे दोघांचेही ध्येय, ते एकाच पाड्यावर एकमेकांना पाण्याला मोताद करू लागले. या प्रकरणात एकाच पक्षाला दोष देणे आम्हाला जमत नाही. तीस वर्षांच्या सत्तेने पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांना आलेला ताठा खरा होता, आणि पूर्वी येथे घडलेल्या लढ्याची पुरेशी जाण न ठेवता आपण प्रथमच प्रकाश आणीत आहोत अशा आविर्भावात वावरणाऱ्या नवागतांचा उतावीळपणाही, काही अंशी, खरा असला पाहिजे.

या कलहाचा तात्त्विक कळस १९८४ साली झाला. त्या वर्षी मार्क्सवादी पक्षाच्या सैद्धांतिक त्रैमासिकात प्रकाश करात यांनी लेख लिहून, परदेशी पैशावर चालणाऱ्या कृतिगटांचे जाळे हा साम्राज्यवादी व्यूहरचनेचाच एक भाग आहे, असा सिद्धांत मांडला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाचे प्रमुख कार्डिनल योझेफ रात्सिंगर, जे पुढे स्वतः पोप झाले, यांच्या स्वाक्षरीने जे निर्देशपत्र निघाले त्यात, मुक्तीच्या ईश्वरशास्त्रातील काही प्रवाहांनी मार्क्सवादी विश्लेषण नीट न पारखता स्वीकारले आहे, अशी तंबी देण्यात आली. तत्पूर्वी १९८० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील येशूसंघीय सदस्य रॉबर्ट ड्रायनन यांना पोपच्या हुकमाने निवडणुकीतून माघार घ्यावी लागली होती, १९८१ मध्ये आजारी आरुपे यांच्या जागी पोपने आपला प्रतिनिधी नेमला होता, आणि १९८३ च्या नव्या चर्चकायद्याने धर्मगुरूंना पक्षांत व कामगारसंघांच्या कारभारात सक्रिय भाग घेण्यास सामान्यतः मज्जाव केला होता. म्हणजे रोमच्या दृष्टीने ही माणसे मार्क्सच्या आहारी गेलेली, आणि मार्क्सच्या अनुयायांच्या दृष्टीने रोमची हस्तक! तिसरीकडे, धर्मांतराचा हा छुपा मार्ग आहे असे हिंदुत्ववादी सांगत होतेच. तीन आवारांतून एकाच वेळी दगड यावेत आणि प्रत्येक आवाराने तो दुसऱ्याच्या आवारातून आलेल्या माणसावर भिरकावलेला असावा, असा हा प्रसंग होता.

धर्मांतराच्या आरोपाविषयी एवढे सांगणे भाग आहे, की संघटनेची घोषित भूमिका नेमकी त्याच्या उलट होती. वारल्यांना स्वतःची श्रद्धा आहे, ते कोणाच्याही धर्माची उणी राहिलेली शाखा नव्हेत, कणसरीची पूजा आणि लग्नातील धवलेरीचे गाणे यांचे मोल टिकले पाहिजे, हा आग्रह तिने धरला. मिशनच्या शाळेतून निघालेल्या माणसांनी कणसरीची बाजू घ्यावी, हे फादरांच्या एका जुन्या पिढीला रुचले नसणारच. पण या वाटेने पूर्वीही एक जण गेला होता. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात १९२७ साली आलेला तरुण अँग्लिकन धर्मोपदेशक व्हेरिअर एल्विन गोंडांमध्ये राहावयास गेला, आणि त्यांना बाप्तिस्मा देण्याऐवजी त्यांचीच बाजू घेऊन त्याने अखेर चर्च सोडले. तो पंडित नेहरूंच्या काळात ईशान्य सरहद्दीच्या कारभाराचा सल्लागार झाला. त्याने राज्याच्या आतून काम केले. डहाणूकरांनी राज्याला न्यायालयात खेचले, हा फरक.

वसईशी तुलना केली म्हणजे या प्रकरणाचे वेगळेपण अधिक उठून दिसते. वसईचे ख्रिस्ती हे जमीन बाळगणारे, मराठी बोलणारे, चार शतकांचे रुजलेले लोक. तेथे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे उभे राहिले तेव्हा त्यांच्या अंगावर झगा होता आणि मागे त्यांचाच कळप होता. ‘सुवार्ता’चे संपादक म्हणून त्यांनी मराठी वाचकांचा आदर मिळविला आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा डहाणू-तलासरीही त्यात आले. परंतु जिल्ह्याच्या एका टोकाला धर्मगुरू स्वधर्मीयांचा नेता होऊ शकला आणि दुसऱ्या टोकाला परधर्मीयांचा कार्यकर्ता होण्यासाठी त्याला धर्मगुरुपद सोडावे लागले, ही वस्तुस्थिती कोणत्याही धर्मप्रांताच्या नकाशात दिसणार नाही.

आता न्यायालयाकडे वळू. त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातील वनजमिनीचा प्रश्न मोठा गुंतागुंतीचा. चाळिशीच्या दशकात धान्यटंचाईपायी सरकारने वनजमिनीचे तुकडे वर्षवर्षाच्या बोलीने कसण्यास दिले. ते एकसाली प्लॉट. कसणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या तरी कागद वर्षाचाच राहिला. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे सरकारने कबूल केले, पण त्या तारखेपूर्वी आपण कसत होतो याचा पुरावा काय, तर वनखात्यानेच केलेल्या दंडाची पावती. आणि ज्याच्याकडून पावती न देताच दंड वसूल झाला, त्याने काय दाखवावे? प्रदीप प्रभू यांच्या नावाने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या अर्जाचा निकाल १९९५ च्या मार्चमध्ये लागला. त्याचा रोख असा, की प्रत्येक दावेदाराची रीतसर चौकशी व्हावी, आणि केवळ कागद नाही म्हणून निरक्षर मनुष्याचे म्हणणे बाजूला सारू नये, अन्य पुरावाही विचारात घ्यावा. हा निकाल त्या काळी वर्तमानपत्रांत फारसा गाजला नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम झाले, त्यांच्या तेराव्या नियमात पुराव्यांच्या यादीत दावेदाराव्यतिरिक्त गावातील वृद्धांचे लेखी नोंदविलेले कथन ग्राह्य धरले आहे. रात्रीच्या बैठकीत रेंगाळणाऱ्या हकिकतीला अशा रीतीने कायद्यात जागा मिळाली.

त्या कायद्यासाठी देशभरच्या संघटनांनी जी मोहीम चालविली तीत कष्टकरी संघटना होती, आणि तो अधिक व्यापक व्हावा म्हणून संसदेत आग्रह धरणाऱ्यांत मार्क्सवादी अग्रभागी होते. ऐंशीच्या दशकात एकमेकांची डोकी फोडणारे दोन पक्ष एकाच मसुद्यावर सही करण्याइतके जवळ आले, पण त्यांनी जुन्या भांडणाचा हिशेब कधी जाहीरपणे मिटविला नाही. लाल बावटा अजूनही येथे आहे. २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत डहाणूतून विधानसभेवर मार्क्सवादी विनोद निकोले निवडून आले. त्याआधीच्या २०१४ च्या निवडणुकीत येथून भारतीय जनता पक्षाचे जे आमदार झाले त्यांचे नाव पास्कल धनारे. फॉर्मात लिहिलेल्या नावावरून कोणाची श्रद्धा, कोणाचा पक्ष आणि कोणाची शाळा ओळखू पाहणाऱ्याने या मुलखात येण्याचे टाळावे हे उत्तम.

असे ओळखू पाहणारे मात्र १६ एप्रिल २०२० नंतर मोठ्या संख्येने आले, प्रत्यक्ष नव्हे तर दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. टाळेबंदीच्या त्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारे, अवयव चोरणारे फिरत आहेत ही अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस पाड्यांवर पसरली होती. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने आरोपपत्रात अफवेलाच कारण मानले, धार्मिक वैराचा पुरावा नाही असे सांगितले. तरीही मिशनरी आणि कम्युनिस्ट यांनी संगनमताने हे घडविले, अशी कथा देशभर फिरली आणि कष्टकरी संघटनेचे नाव तीत गोवले गेले. त्या हत्येचे समर्थन कोणीही करू शकत नाही. परंतु खोट्या वार्तेने रात्री माणसे जमविण्याचा डाव तलवाड्याला कोणी टाकला होता, आणि तेव्हा मेले कोण, हे ज्याला ठाऊक आहे त्याने या कथेचे कर्तेही थोडे काळजीपूर्वक तपासले असते.

अलीकडे वादाने नवे वळण घेतले आहे. ख्रिस्ती झालेल्या आदिवासीला अनुसूचित जमातीच्या यादीतून वगळावे, ही मागणी बिहारचे काँग्रेस खासदार कार्तिक उरांव यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस संसदेत लावून धरली होती; आता ती मेळाव्यांतून पुन्हा दुमदुमत आहे. अनुसूचित जातींना राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने धर्माची अट आहे, जमातींना ती नाही. कारण जमात ही वंश, भाषा, वस्ती आणि रीतिरिवाज यांवरून ठरते, असा त्यामागील दृष्टिकोन होता. या मागणीचा विचार बहुधा नोकऱ्या आणि शाळांतील जागा यांच्या संदर्भात केला जातो. तलासरीत तो जमिनीच्या संदर्भात करावा लागेल. वनहक्क कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविला की पुरे; जो जमातीचा नाही, त्याने मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे कायद्याच्या व्याख्येने पंचाहत्तर वर्षे, आपले कुटुंब वनावर अवलंबून राहत आले आहे हे सिद्ध करावयाचे. शिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ न देणारी महसूल संहितेतील तरतूदही अशा कुटुंबाला लागू राहणार नाही. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या एखाद्या वारल्याला उद्या यादीतून वगळले, तर त्याला वनहक्क समितीपुढे १९३० सालापासूनचे वनावरील अवलंबित्व दाखवावे लागेल. आणि १९३० साली त्याचा आजा कोणाच्या तरी वाड्यावर लग्नगडी होता, त्याच्या नावे कोणत्याही दप्तरात काही नव्हते, हे सिमिंग्टनसाहेबाने लिहून ठेवलेच आहे.